मध्ययुगीन रणभूमी कुटुंबासह कशी पाहावी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

किल्ला पाहायला गेलेल्या माणसाला तट दिसतो, बुरूज दिसतो, दरवाजा दिसतो. रणभूमी पाहायला गेलेल्या माणसाला गवत दिसते. मध्ययुगातील बहुतेक मैदानी लढाया एका दिवसात आटोपल्या. लढणाऱ्यांनी तिथे काही बांधले नाही, आणि जे मागे पडले, मग ती शस्त्रे असोत, चिलखते असोत वा मेलेल्यांच्या अंगावरचे कपडे, ते जिंकणाऱ्यांनी आणि आसपासच्या लोकांनी वेचून नेले. त्यामुळे हौसेने नेलेली मुले पहिल्या दहा मिनिटांतच ‘इथे बघायचे काय?’ असे विचारतात, आणि पालकांकडे उत्तर नसते.

उत्तर पायाखाली असते. चढ कोणत्या बाजूला आहे, पाणी कुठे साचते, रानाची कड कुठे येते, वरून खालचे किती दिसते, या गोष्टींवर त्या दिवशी हजारो माणसांचे जगणे-मरणे ठरले होते, आणि त्यांतील बऱ्याचशा आजही जागेवर आहेत. जमीन वाचायला शिकवणे, हाच अशा सहलीचा खरा कार्यक्रम. पुढच्या सूचना मी त्याच हिशेबाने दिल्या आहेत; तिकीट, वाहनतळ आणि खाण्यापिण्याचे तपशील स्थळागणिक बदलतात, ते त्या त्या स्थळाच्या अधिकृत माहितीवरून निघण्याच्या आदल्या दिवशी तपासून घ्यावेत.

पहिली पायरी: कुटुंब पाहून स्थळ निवडा

पहिल्या भेटीसाठी लढाई किती प्रसिद्ध आहे यापेक्षा तिथे तीन सोयी आहेत का, हे आधी पाहावे. एक, संपूर्ण मैदान नजरेत येईल अशी उंच जागा. दोन, खुणा केलेली आणि फिरून मूळ ठिकाणी आणणारी पायवाट. आणि तीन, पाऊस आल्यास आडोसा देणारी इमारत, जिथे स्वच्छतागृहही असेल. फ्रान्समधील क्रेसी येथे, १३४६ साली इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड ज्या पवनचक्कीपाशी उभा होता असे मानतात, त्या उंचवट्यावर आज निरीक्षण मनोरा आहे, आणि त्याच्या माथ्यावरून सगळा उतार एका नजरेत येतो. स्कॉटलंडमधील बॅनकबर्न येथे (१३१४) मोठे दर्शक केंद्र आहे आणि आत त्रिमितीय चित्रांतून लढाई उलगडून दाखवतात. मात्र आसपास वस्ती वाढल्यामुळे मोकळ्या मैदानाचा अनुभव तिथे कमी मिळतो. उलट उत्तर इंग्लंडमधील टाउटन (१४६१) म्हणजे शेतांमधून जाणारी पायवाट, काही माहितीफलक, एक जुना दगडी क्रूस आणि अंगावर येणारा वारा. मला स्वतःला टाउटन सर्वांत जास्त भावते, पण पाच वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदा तिथे जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

सोबत वयस्कर मंडळी असतील किंवा कोणी व्हीलचेअर वापरत असेल, तर पायवाटेची लांबी विचारून थांबू नये. ती डांबरी आहे, खडीची आहे की नुसती गवताची, आणि वाटेत पायऱ्या किंवा कुंपण ओलांडायच्या शिड्या आहेत का, हेही विचारावे. ‘सोपी पायवाट’ या शब्दांवर विसंबून आम्ही एकदा बाबागाडी घेऊन गेलो होतो. शंभर पावलांवर तिची चाके चिखलात रुतली, आणि उरलेली सगळी वाट एका हातात गाडी नि दुसऱ्या कडेवर मूल अशी पार पडली. वाट खरोखरच सोपी होती, फक्त ती उन्हाळ्यात.

दुसरी पायरी: जागा किती खात्रीची आहे, ते जाणून घ्या

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि मग चुकीच्या टेकडीवर उभे राहून भारावून जातात. मध्ययुगीन इतिवृत्तकार लढाईची जागा ‘अमुक गावाजवळ’ एवढीच सांगून पुढे जात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी रणभूमीची जागा परंपरेने ठरलेली असते, आणि परंपरा चुकू शकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बॉसवर्थ. २२ ऑगस्ट १४८५ रोजी इथे राजा तिसरा रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्यूडरला इंग्लंडचे राज्य मिळाले. लढाई अँबियन हिल नावाच्या टेकडीवर झाली, असे दीर्घकाळ मानले जात होते, म्हणून दर्शक केंद्रही त्याच टेकडीवर उभारले गेले. पुढे २००५ ते २०१० या काळात पुरातत्त्व अभ्यासकांनी आसपासची शेते धातुशोधकाने पद्धतशीर तपासली, तेव्हा टेकडीच्या नैर्ऋत्येला सुमारे तीन किलोमीटरवर तोफा-बंदुकांचे तीसहून अधिक शिशाचे गोळे सापडले. त्यांच्यासोबत रानडुकराच्या आकाराचे, सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे एक छोटे पदकही मिळाले. रानडुक्कर हे रिचर्डचे बोधचिन्ह होते. दर्शक केंद्र आहे तिथेच राहिले, रणभूमी मात्र शेजारच्या खासगी शेतांत सरकली. म्हणून बॉसवर्थला गेल्यावर टेकडीवरून दूर नैर्ऋत्येकडे पाहावे आणि मुलांना ही हकीकत पूर्ण सांगावी. इतिहासकाराला आपले म्हणणे पुरावा मिळाल्यावर बदलावे लागते, हे दहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने मला तरी समजावता आलेले नाही.

निघण्यापूर्वी एवढेच विचारावे: या जागेला आधार कशाचा आहे? तिथे लगेच बांधलेल्या एखाद्या इमारतीचा, जमिनीत सापडलेल्या वस्तूंचा, की केवळ लोकस्मृतीचा? तिन्हींपैकी काहीही असले तरी जायला हरकत नाही. आपण कशावर विश्वास ठेवून उभे आहोत, ते ठाऊक असावे.

तिसरी पायरी: घरी एक नकाशा, एक गोष्ट आणि एक प्रश्न

तयारीच्या नावाखाली मुलांना राजांच्या वंशावळी पाठ करायला लावू नयेत. एका कागदावर लढाईचा ढोबळ नकाशा काढावा: कोण वर, कोण खाली, पाणी कुठे, रान कुठे. गोष्ट पाच मिनिटांत सांगून व्हावी. आणि एक प्रश्न असा ठेवावा की ज्याचे उत्तर तिथे जाऊन, चालून, पाहूनच मिळेल. हेस्टिंग्जसाठी (१०६६; टेकडीवर इंग्लंडचा राजा हॅरल्ड, खाली फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम) आम्ही घेतलेला प्रश्न होता, ‘वर उभे असलेले लोक हरले कसे?’ अझँकूरसाठी (१४१५) ‘संख्येने मोठे सैन्य अडकले कुठे?’ हा प्रश्न चांगला. तिथे नुकत्याच नांगरलेल्या शेतात रात्रभर पाऊस पडलेला होता, दोन्ही बाजूंना रान होते, आणि पोलादी चिलखतातले फ्रेंच सरदार त्या अरुंद चिखलातून चालत इंग्रज धनुर्धरांकडे येत होते. हे घरी सांगून टाकू नये. तिथे उभे राहिल्यावर मुले स्वतःच दोन्ही रानांमधले अंतर डोळ्यांनी मोजू लागतात.

समकालीन चित्र उपलब्ध असेल तर ते आवर्जून दाखवावे. हेस्टिंग्जच्या लढाईनंतर थोड्याच वर्षांत तयार झालेले बायोचे (आज फ्रान्समधल्या बायो गावी ओळखले जाणारे) भरतकाम सुमारे ७० मीटर लांब आहे. त्याला पडदा म्हणायची पद्धत असली, तरी ते जवसाच्या तंतूंच्या (लिनन) कापडावर लोकरीच्या धाग्यांनी केलेले भरतकाम आहे. त्यातील तीन दृश्ये पुरतात: आकाशातला शेपटीचा तारा, म्हणजे आजचा हॅलेचा धूमकेतू, जहाजांसाठी चाललेली झाडतोड, आणि उताराच्या पायथ्याशी डोक्यावर कोसळणारे घोडे. तिसरे दृश्य नीट लक्षात राहू द्यावे, ते पुढे कामाला येते.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मुलांना सुरुवातीपासून सावध करावे. टाउटनला २८,००० माणसे मेली, असा आकडा त्या काळच्या पत्रांत आला आहे आणि तो आजही बेधडक सांगितला जातो. बऱ्याच इतिहासकारांना तो फुगवलेला वाटतो. मध्ययुगीन लेखक ‘पुष्कळ’ म्हणायचे असले की मोठा आकडा लिहीत. फलकावर आकडा दिसला की ‘हे मोजले कोणी?’ असे विचारायची सवय लागली, तर सहलीचे निम्मे पैसे वसूल झाले असे समजावे.

चौथी पायरी: दिवस आणि वेळ ठरवा

लढाईच्याच तारखेला जाण्याची हौस अनेकांना असते. तिच्यात अर्थ आहे, कारण ऋतू, उजेड आणि जमिनीचा ओलसरपणा त्या दिवसासारखा मिळतो. फक्त एक बारकावा ध्यानात ठेवावा. मध्ययुगीन युरोपातील तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे दिलेल्या असतात. हेस्टिंग्जच्या लढाईची १४ ऑक्टोबर १०६६ ही तारीख आजच्या गणनेने २० ऑक्टोबर होते, आणि अझँकूरची २५ ऑक्टोबर १४१५ ही ३ नोव्हेंबर. म्हणजे हेस्टिंग्जच्या लोकांना आपण समजतो त्यापेक्षा थोडा लवकर अंधार पडला, आणि अझँकूरचा चिखल आणखी थंड होता.

दुसरी बाजूही आहे. तारखेच्या आसपास गर्दी होते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. एखादे वेळी हवामानच कुटुंबाला सोसणारे नसते. ४ जुलै ११८७ रोजी आजच्या उत्तर इस्रायलमधील हत्तीनच्या माळावर ख्रिस्ती धर्मयुद्ध्यांचे सैन्य तहानेने अर्धे हरले होते. सुलतान सलाहुद्दीनने त्यांना पाण्यापर्यंत पोहोचूच दिले नाही. ते ऊन अनुभवण्यासाठी लहान मुलाला किंवा आजीला जुलैच्या दुपारी त्या उघड्या माळावर उभे करण्याची गरज नाही. सकाळची वेळ धरावी. तिरप्या उन्हात जमिनीचे बारीक चढ-उतार सावल्यांमुळे उठून दिसतात. भर दुपारी तेच मैदान सपाट भासते.

पाचवी पायरी: सामान

इथे फार बोलण्यासारखे नाही. घोट्यापर्यंत येणारे, खाली पकड असलेले बूट, मोज्यांचा एक जादा जोड, वाऱ्यापासून बचाव करणारा कोट, उन्हाळा असेल तर टोपी, पुरेसे पाणी आणि थोडे खाणे. घरी काढलेला नकाशा, पेन्सिल आणि दिशा दाखवणारे होकायंत्र मुलाच्या खिशात असावे. फोनमध्ये होकायंत्र असते, पण फोन मुलाच्या हाती गेला की मैदान संपले. दुर्बीण असेल तर न्यावी. वयस्करांसाठी घडीची छोटी खुर्ची न्यावी, कारण मैदानात बाके फार लांब लांब असतात.

सहावी पायरी: मैदानावर कसे फिरावे

क्रम असा ठेवावा: आधी थोडक्यात केंद्र, मग मैदान, आणि शेवटी पुन्हा संग्रहालय. सगळे प्रदर्शन आधीच पाहून घेतले, तर मुले मैदानात येईपर्यंत थकलेली असतात. अजिबात न पाहता मैदानात गेले, तर कुठे उभे राहायचे तेच कळत नाही. पहिल्या फेरीत केंद्रातला नकाशा आणि लढाईची छोटी फिल्म एवढेच घ्यावे. एकेका तलवारीसमोर नंतर थांबता येते.

मैदानात कसे फिरावे हे हेस्टिंग्जच्या उदाहरणावरून सांगतो, कारण तिथे जमीन सर्वांत स्पष्ट बोलते. लढाई हेस्टिंग्ज शहरात झाली नाही; तिथून सुमारे दहा किलोमीटर वायव्येला, आज ज्या गावाचे नावच ‘बॅटल’ म्हणजे लढाई असे आहे, तिथे झाली. जिंकलेल्या विल्यमने या जागी मठ बांधला आणि इंग्लंडचा राजा हॅरल्ड जिथे पडला, तिथेच मुख्य वेदी ठेवायला लावली, अशी परंपरा आहे. मठाच्या इतिवृत्तात एक गमतीची हकीकत येते. टेकडीवर पाणी नाही म्हणून साधूंनी बांधकाम दुसऱ्या, सोयीच्या जागी सुरू केले, तेव्हा विल्यम रागावला. जागा हीच राहील, आणि आपण जगलो-वाचलो तर इतर मठांत जितके पाणी असते त्याहून अधिक मद्य तुमच्याकडे असेल, अशी त्याने त्यांची समजूत घातली. इतकी गैरसोयीची जागा कोणी उगाच निवडणार नाही, हा मुद्दा या जागेच्या बाजूने मांडला जातो. वेदीची जागा दाखवणारी शिळा आज मठाच्या पडक्या अवशेषांमध्ये जमिनीत बसवलेली आहे.

सुरुवात वरून करावी. मठाच्या दक्षिणेकडच्या कठड्यापाशी उभे राहिले की मैदान पुढ्यात खाली उतरत जाते. इथे हॅरल्डचे लोक खांद्याला खांदा लावून, ढालीला ढाल भिडवून पायी उभे होते. त्यांतील कित्येक जण अवघ्या १९ दिवसांपूर्वी, २५ सप्टेंबरला, दूर उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिज येथे नॉर्वेच्या राजाशी लढून आले होते. मठ बांधताना टेकडीचा माथा कापून सपाट केला गेला, म्हणजे मूळ चढ आज दिसतो त्याहून अवघड होता, हे इथेच सांगून ठेवावे.

मग खाली उतरावे. घाई करू नये. तळाशी पोहोचेपर्यंत बहुधा कोणाचा तरी बूट ओला होतो, कारण खालची जमीन पाणथळ आहे. भरतकामातले कोसळणारे घोडे मुलांना तेव्हा आपोआप आठवतात. तळाला वळून वर पाहावे. नॉर्मन, ब्रेटन आणि इतर फ्रेंच सैनिकांनी सकाळी नऊच्या सुमारास हेच दृश्य पाहिले. इथे आमचा एक ठरलेला खेळ आहे. ज्याला जमेल त्याने पाठीवर सामानाची पिशवी घ्यावी आणि न थांबता वर चढावे. कड्यांचे चिलखत दहा किलोंच्या वर भरत असे. पिशवी त्याच्या निम्म्याने जरी असली, तरी मध्यावर धाप लागते, आणि वर पोहोचल्यावर हातात भाला धरून लढायचे होते हे ध्यानात येते. वयस्करांनी वरच्या कठड्यापाशी बसून चढणाऱ्यांकडे पाहावे. त्यांना हॅरल्डची बाजू दिसते आणि चढणाऱ्यांना विल्यमची.

दुसरा खेळ माथ्यावरचा. चौघे-पाच जण एका ओळीत, खांदे चिकटवून उभे राहावेत, प्रत्येकाने पिशवी ढालीसारखी पुढे धरावी, आणि ओळ न मोडता उतारावर वीस पावले चालून पाहावे. सहा-सात पावलांतच कोणी तरी पुढे जाते, कोणी मागे राहते आणि फट पडते. हेस्टिंग्जचा निकाल या फटीत आहे. नॉर्मन मागे पळू लागले, काही वेळा खरोखर आणि काही वेळा बतावणी म्हणून, असे त्या काळचे लेखक सांगतात. त्यांच्या पाठलागासाठी इंग्रजांतले काही जण ओळ सोडून उतारावर धावले, आणि खाली मोकळ्यावर घोडेस्वारांनी त्यांना घेरले. विल्यम मेला अशी आवई उठली, तेव्हा त्याने शिरस्त्राण मागे सारून आपला चेहरा दाखवला, हे दृश्य भरतकामातही आहे. लढाई अंधार पडेपर्यंत चालली आणि शेवटी हॅरल्ड, त्याचे दोन भाऊ आणि त्याचे खासे योद्धे माथ्यावर मारले गेले. डोळ्यात बाण लागून हॅरल्ड मेला की घोडेस्वारांनी त्याला कापून काढले, यावर अजून वाद आहे. मुलांना दोन्ही सांगावे. घरी ठरवलेल्या प्रश्नाचे उत्तर आता त्यांनाच द्यायला सांगावे. आमच्या धाकटीचे उत्तर होते, ‘ते वर होते तोवर हरले नव्हतेच, ते खाली आल्यावर हरले.’ यात मला काही दुरुस्त करावेसे वाटले नाही.

हीच पद्धत कुठेही चालते: एका बाजूच्या जागेवर उभे राहावे, मधली जमीन पायांनी ओलांडावी, दुसऱ्या बाजूच्या जागेवरून मागे वळून पाहावे. बहुतेक स्मारके विजेत्याच्या बाजूला असतात आणि पर्यटक तिथेच छायाचित्रे काढून परततात. हरलेल्यांच्या जागेवरून लढाई बहुधा अधिक समजते. सगळ्यांनी सगळीकडे फिरावे असाही आग्रह नको. कुटुंबाचे दोन गट पाडून एकाने लांबची फेरी घ्यावी, दुसऱ्याने जवळची, आणि भेटायची जागा व वेळ आधी ठरवावी, कारण अशा मोकळ्या भागात फोन लागेलच असे नाही.

सातवी पायरी: मृत्यूविषयी कसे बोलावे

हा भाग टाळून चालत नाही. रणभूमी म्हणजे पुष्कळ माणसे मेलेली जागा, आणि मुलांना ते माहीत असते; मोठ्यांनी विषय बदलला की त्यांची कल्पनाशक्ती अधिकच धावते. लहान वयाच्या मुलांना ‘हो, इथे माणसे मेली, आणि त्यांच्या घरी त्यांची वाट पाहणारे लोक होते’ एवढे सांगणे पुरते. त्यापुढचे त्यांनी विचारले तर सांगावे.

सांगाडे मांडलेली संग्रहालये मात्र मोठ्यांनी आधी एकट्याने आत जाऊन पाहावीत आणि मगच मुलांना न्यायचे की नाही ते ठरवावे. स्वीडनमधील गॉटलंड बेटावर, विस्बी शहराच्या तटाबाहेर, २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या कसलेल्या सैन्याने गावोगावच्या शेतकऱ्यांची फौज कापून काढली. उन्हाळ्याची उष्णता, त्यात प्रेतांचे ढीग, म्हणून कित्येकांना अंगावरच्या चिलखतासकट मोठ्या खड्ड्यांत पुरले गेले. १९०५ ते १९२८ या काळातील उत्खननांत सुमारे ११८५ जणांचे अवशेष मिळाले. त्यांत कोवळी पोरे होती, म्हातारे होते आणि अपंगही होते; गावांनी घरात होते नव्हते त्या सगळ्यांना उभे केले होते. कड्यांच्या शिरोवस्त्रासकट असलेली कवटी विस्बीच्या संग्रहालयात पाहिल्यावर मोठी माणसेही काही वेळ बोलत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी हा अनुभव मोलाचा आहे, सहा वर्षांच्या मुलासाठी नाही.

एकाच माणसाची हकीकत मुलांना हजारोंच्या आकड्यापेक्षा लवकर कळते. बॉसवर्थला जाणाऱ्यांनी लेस्टर शहरही त्याच सहलीत धरावे. तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा तिथल्या एका वाहनतळाखाली २०१२ साली सापडला आणि २०१५ साली तिथल्याच कॅथेड्रलमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या हाडांवर मृत्यूच्या वेळच्या ११ जखमा आढळल्या, त्यांतील ९ कवटीवर; म्हणजे शेवटच्या क्षणी डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

आठवी पायरी: लुटुपुटूची लढाई पाहायची असेल तर

पुष्कळ ठिकाणी वर्षातून एकदा हौशी मंडळी त्या काळचे पोशाख करून लढाईचा प्रसंग उभा करतात: बॅटल येथे ऑक्टोबरमध्ये, पोलंडमधील ग्रुनवाल्ड येथे (१५ जुलै १४१०) जुलैमध्ये. मुलांना हे सर्वांत जास्त आवडते, पण मैदान समजून घ्यायला हा दिवस सर्वांत वाईट, कारण जिकडे-तिकडे तंबू, दोरखंड आणि गर्दी असते. जमले तर मैदान एका दिवशी आणि हा सोहळा दुसऱ्या दिवशी असे करावे. गोंगाटाला बिचकणाऱ्या मुलासाठी दोराच्या पुढच्या रांगेपेक्षा मागचा उंचवटा बरा. लढाईपेक्षा आधीचे दोन तास छावणीत घालवावेत. चिलखत कसे दुरुस्त करतात, बाणाला पिसे कशी बांधतात हे ती मंडळी न कंटाळता दाखवतात आणि शिरस्त्राण डोक्यावर घालूनही पाहू देतात.

धनुष्य ओढून पाहायची सोय असली, तर एक तुलना सांगावी. मुलांच्या हाती दिलेले धनुष्य ओढायला सात-आठ किलोंचा जोर पुरतो. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोज या युद्धनौकेतून शंभराहून अधिक लांब धनुष्ये मिळाली, आणि ती ओढायला अंदाजे ४५ ते ८० किलोंचा जोर लागत असावा. असे धनुष्य पेलणारा माणूस लहानपणापासून घडवावा लागे.

ग्रुनवाल्डसारख्या ठिकाणी आणखी एक भान ठेवावे. इथे पोलंड आणि लिथुआनियाच्या सैन्याने जर्मन ट्यूटॉनिक सरदारांना हरवले. जर्मन लोक याच लढाईला टॅनेनबर्ग म्हणतात आणि लिथुआनियात तिचे नाव जालगिरिस आहे. कोणासाठी तो अभिमानाचा दिवस आहे, कोणासाठी जुन्या पराभवाचा. शेजारी उभे असलेले कुटुंब कोणत्या नावाने लढाई ओळखते, हे आपल्याला ठाऊक नसते. जल्लोष बेताने करावा.

नववी पायरी: नियम

रणभूमी म्हणून नोंद झाली, याचा अर्थ ती सर्वांना खुली आहे असा होत नाही. इंग्लंडमध्ये १९९५ पासून ऐतिहासिक रणभूमींची अधिकृत नोंदवही आहे, तरी त्यांतील बरीचशी जमीन आजही खासगी शेती आहे आणि तिथे सार्वजनिक पायवाटेवरूनच चालायचे असते. पीक तुडवू नये. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे. गुरे चरत असतील तर मुलांचा हात धरून लांबून जावे, आणि सोबत कुत्रा असल्यास तो साखळीने बांधलेला असावा. ड्रोन उडवायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी.

सर्वांत कडक नियम एकच: काही उचलू नये, खणू नये, धातुशोधक नेऊ नये. मुलांना याचे कारण सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा काटेकोर वागतात. बॉसवर्थची जागा सापडली ती शिशाचे गोळे मिळाले म्हणून, आणि प्रत्येक गोळा नेमका कुठे मिळाला याची नोंद केली म्हणून. तेच गोळे आधी कोणी खिशात घालून नेले असते, तर ते वजनदार खेळणे झाले असते आणि रणभूमी अजूनही तीन किलोमीटर दूर मानली गेली असती. बाणाच्या टोकासारखे काही दिसलेच, तर ते जागेवरच राहू द्यावे, शेजारी बूट ठेवून छायाचित्र घ्यावे, फोनमध्ये ठिकाणाची खूण करावी आणि केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना किंवा जमिनीच्या मालकाला कळवावे.

शेवटची पायरी: निघण्यापूर्वी

आता पुन्हा संग्रहालयात जावे. सकाळी जी ढाल केवळ एक ढाल होती, ती आता वीस पावले पेलता न आलेली ढाल असते, आणि मुले आपणहून काचेपाशी थांबतात. अर्धा तास पुरतो. त्यानंतर कुठेतरी बसून प्रत्येकाने आठवणीतून मैदानाचा नकाशा काढावा, आणि तो घरून आणलेल्या नकाशाशेजारी ठेवावा. घरच्या नकाशावर रेघांनी दाखवलेला चढ दुसऱ्या नकाशात नेहमीच फार मोठा झालेला असतो; तो तसाच राहू द्यावा, खोडू नये. गाडीत बसण्याआधी बूट फाटकाजवळच्या गवतावर नीट पुसावेत, म्हणजे शेतातली माती आणि बिया दुसऱ्या शेतात जाणार नाहीत, आणि बुटाच्या खाचेत धातूचा एखादा तुकडा अडकला आहे का, तेही तिथेच पाहून घ्यावे.